कर्णेजप

१४ जुलै

आज ‘कर्ण’ची पेटी उघडली. ‘क’चा हा तिसरा खंड. मागच्याला नऊ वर्षं लागली. माझ्या हाताशी आता अकरा महिने आहेत, मग निवृत्ती.

ही वही बायकोने, नंदाने, आणून दिली. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांचे शब्द लिहिलेत, चार ओळी स्वतःच्याही लिहा. बरं म्हटलं.

आमचं कोश कार्यालय काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. संस्कृत शब्दांचे अर्थ मराठीत देणारा कोश. पासष्ट वर्षांपूर्वी सुरू झाला तेव्हा तीस माणसं होती. ग्रंथ वाचायचे, शब्द कुठे कसा आलाय ते चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधायचे. असे आठ लाख कागद आहेत. लिहिणारे बहुतेक मणिकर्णिकेला गेले, अक्षर तेवढं राहिलं. आता आम्ही तिघं: मी, निवेदिता आणि दफ्तर सांभाळणारे श्रीनिवास. जूनपासून ट्रस्टने नवे सचिव नेमलेत, सुमंतसाहेब. मूळ नागपूरचे, बँकेतून निवृत्त. नीटनेटका माणूस.

प्रधान संपादकाची खुर्ची दोन वर्षं रिकामी आहे. मी कधी विषय काढला नाही. पण खंडाच्या पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव छापावं लागेलच.

१६ जुलै

आज ‘कर्णेजप’. सकाळ कशी गेली कळलं नाही.

कर्णे, म्हणजे कानात. जप, म्हणजे पुटपुटणं. कानात पुटपुटणारा तो कर्णेजप, म्हणजे चहाडखोर. दोन शब्दांचा समास झाला की आतली विभक्ती गळते, पण इथे ती टिकून राहिली. ‘कर्णजप’ नाही, ‘कर्णेजप’. व्याकरणकारांनी ज्या सूत्रात हा शब्द साधला त्याच सूत्रात हत्तीही आहे: झुडपात रमणारा तो ‘स्तंबेरम’. एकाच दोरीला एकीकडे हत्ती बांधलाय, दुसरीकडे चुगलखोर.

निवेदिता म्हणाली, “मग कानाशी गुणगुणणारा डास?”

त्याला हा शब्द लावता येत नाही, मी सांगितलं. अर्थ बांधून दिलाय. कानात मंत्र देणाऱ्या गुरूलाही लागत नाही. काशीत मरणाऱ्याच्या कानात खुद्द विश्वनाथ तारकमंत्र सांगतो म्हणतात, त्यालाही नाही. क्रिया तीच, पण शब्द फक्त चहाडखोराचा.

मग आम्ही त्याची भावंडं काढून बसलो. ‘सूचक’ म्हणजे बोट दाखवणारा. सुईला ‘सूची’ म्हणतात ते त्याचंच नात्यातलं. ‘पिशुन’ कुठून आला ते नक्की सांगता येत नाही. ‘चुगली’ फारसीच्या वाटेने आली. आपली ‘चहाडी’ कोणत्या घरची, ह्याबद्दल जे जे वाचलं ते मला पटलेलं नाही.

निवेदिताने चिठ्ठी उलटून पाहिली. मग म्हणाली, “काका, सांगणाऱ्याला इतके शब्द. ऐकणाऱ्याला एकही नाही.”

ही मुलगी चौतिसाव्या वर्षी जे विचारते ते मला साठीत सुचत नाही. तिच्या वडिलांनी मला ह्या कामाला लावलं. ते गेल्यापासून ती मला काका म्हणते, आणि मीही ते नातं मानतो.

१९ जुलै

सुमंतसाहेबांनी वर खोलीत चहाला बोलावलं. कचौरी मागवली होती. इतक्या वर्षांत कोणत्याच सचिवाने मला बसायला खुर्ची दिली नव्हती. म्हणाले, “वेणीमाधवजी, ह्या कार्यालयाची नस तुमच्या हातात आहे. मी नवा माणूस. मला जरा समजावून सांगा.”

मी सगळं सांगितलं. पेट्या, गठ्ठे, छपाई. निवेदिताबद्दल तर तोंड भरून बोललो. म्हटलं, ती अकराला येते पण दहाला येणाऱ्या दोघांचं काम करून जाते. बुधवारी विद्यापीठात तास घेते, तरी गुरुवारी सगळं भरून काढते. साहेबांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर काहीतरी टिपून घेतलं. माणूस लक्ष देऊन ऐकतो.

कोणाबद्दल वाईट एक शब्द बोललो नाही. घरी येताना बरं वाटत होतं.

२४ जुलै

उद्यापासून आपला श्रावण. इथल्यांचा निम्मा होत आला. कावडवाल्यांनी गल्ल्या भरल्यात. रामघाटावरच्या माझ्या घरापासून कार्यालयात पोचायला दुप्पट वेळ लागतो.

दुपारी निवेदिताने मला मागच्या गच्चीवर नेलं. म्हणाली, काका, एक सांगते, तुमच्यापाशीच राहू द्या. तळमजल्यावरच्या गठ्ठ्यांना ओल लागली आहे, वाळवीही आहे. तिने ट्रस्टला दोनदा लेखी कळवलं, गठ्ठे हलवायला परवानगी मागितली, उत्तर नाही. ती पत्रं मी पाहिली होती, मसुदा मीच तपासला होता. तर आता ती रोज दोन गठ्ठे पिशवीतून घरी नेते. संकठा घाटावर तिचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे एकेका चिठ्ठीचा फोटो काढते. ज्यांना फार ओल आहे ते गठ्ठे तिथेच ठेवलेत. असे चाळीस झाले. श्रीनिवास गठ्ठे बांधून देतात, पण त्यांना वाटतं बांधणीला जातात.

मला धास्ती वाटली. नियमात बसत नाही. पण अभिमानही वाटला. म्हटलं, माझ्याकडून कोणाला कळणार नाही.

२८ जुलै

निवेदिताला नोटीस. उशिरा येणं आणि परवानगीविना दुसरीकडे नोकरी करणं. सात दिवसांत खुलासा.

माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हासुद्धा. सारखं एकच म्हणत होती, बुधवारचं ह्यांना कोणी सांगितलं?

हजेरीचं रजिस्टर श्रीनिवासांकडे असतं. साहेबांच्या खोलीत चहा घेऊन दिवसातून चारदा तेच जातात. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, ज्याच्या हातात रजिस्टर, त्याच्यापासून जपून राहा. तिला पटलं. तीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस असा निघावा, वाईट वाटतं.

३१ जुलै

गंगा चढते आहे. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, नावा बंद आहेत.

आज पुन्हा वर चहा. खरं तर मीच ठरवून गेलो. निवेदिताबद्दल साहेबांचं मत कोणीतरी खराब केलंय, ते दुरुस्त करावं म्हणून. साहेबांनी आधी माझाच विषय काढला. प्रधान संपादकाबद्दल ट्रस्टने त्यांचं मत मागवलंय म्हणे. “घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला आणायचा?” म्हणाले. मी नुसती मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, पाणी गल्लीत आलं तर तळमजल्याचं काय? मी म्हटलं, साहेब, काळजी करू नका. सगळ्यांत खराब झालेले चाळीस गठ्ठे त्या पोरीने आधीच आपल्या घरी सुरक्षित नेऊन ठेवलेत. स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतेय, एक पैसा न घेता. अशा माणसाला तुम्ही नोटीस देता?

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, चाळीस? मी म्हटलं, हो, चाळीस. त्यांना ते भिडलं असावं. दाराशी सोडायला आले.

निवेदिताला दिलेला शब्द मोडला, हे खरं. पण तिच्याच भल्यासाठी मोडला. वेळ आली की तिला सांगेन.

३ ऑगस्ट

पाणी गल्लीत शिरलं. दिवसभर तिघांनी पेट्या वर चढवल्या. निवेदिता श्रीनिवासांशी एक शब्द बोलली नाही. ते दोनदा विचारत होते, बेटी, काही चुकलं का? ती पेटी उचलून निघून गेली. मला अवघडल्यासारखं झालं. कंबर धरली आहे, जास्त लिहवत नाही.

५ ऑगस्ट

निवेदिताच्या घरी पोलीस आले. सुमंतसाहेब बरोबर होते. ट्रस्टची मालमत्ता चोरल्याची तक्रार आहे. कॉम्प्युटर, फोन, आणि ते चाळीस गठ्ठे घेऊन गेले. तिच्या आईने, सुरेखाताईंनी, सांगितलं की निवेदिता हात जोडून म्हणत होती, निदान प्लास्टिक तरी घाला वरून. पाऊस होता. हवालदार म्हणाला, आदेश में लिखा नहीं है. ठेल्यावर घालून नेले आणि ट्रस्टच्या चौकाकडच्या गोदामात जमिनीवर टाकले. तिथेही घोटाभर पाणी आहे.

साहेबांना इतकं सगळं माहीत असताना त्यांनी हे कसं होऊ दिलं? वरून दबाव आला असणार.

८ ऑगस्ट

साहेबांना भेटलो. स्पष्टच विचारलं, ही आग श्रीनिवासांनी लावली ना? साहेब हसले. म्हणाले, “असं समजा.” मग विचारलं, श्रीनिवासचा ह्यात नेमका हात कसा? मी म्हटलं, नेहमी गठ्ठे बांधून तेच तर द्यायचे तिला, आणि वर साळसूद.

संध्याकाळी श्रीनिवासांना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. चोरीला साहाय्य केलं म्हणून.

हे मला कळत नाही. त्यांनीच सांगितलं असेल तर त्यांनाच कसं काढलं?

१२ ऑगस्ट

गेल्या चार दिवसांत नंदाशी धड बोललो नव्हतो. आज जेवताना तिने सगळं काढून घेतलं. पहिल्यापासून. चहा, कचौरी, बुधवार, चाळीस.  ती ताटावरून हात उचलून बसली होती.

मग विचारलं, निवेदिताच्या घरी गठ्ठे आहेत हे कोणाकोणाला ठाऊक होतं? मी म्हटलं, तिला, तिच्या आईला, मला. आणि श्रीनिवासांना वाटत होतं की बांधणीला जातात.

“मग?” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी तर तिचं कौतुक करत होतो.

“कौतुकच केलंत हो,” नंदा म्हणाली. “पण तिने सांगू नका म्हटलं होतं. आणि श्रीनिवासांचं तर कौतुकही केलं नाहीत.”

तिने ताटं उचलली. मी हात न धुता तसाच बसून राहिलो.

१३ ऑगस्ट

आज काही लिहिण्यासारखं नाही.

१६ ऑगस्ट

तीन दिवस ही वही मागून पुढे, पुढून मागे वाचतो आहे. माझ्याच अक्षरात आहे सगळं. १९ तारखेच्या पानावर लिहिलंय, ‘कोणाबद्दल वाईट एक शब्द बोललो नाही’. ते खोटं नाही. मी कोणाचं वाईट चिंतलं नाही. कर्णेजपाच्या नोंदीत आम्ही अर्थ दिलाय: ‘दुष्ट हेतूने दुसऱ्याचं गुपित कानी घालणारा’. माझा हेतू दुष्ट नव्हता. म्हणजे तो शब्द मला लागू नाही.

नंदाला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ज्याची नोकरी गेली त्याला विचारा, हेतूचा किती उपयोग झाला.

नोंद परत काढून पाहिली. चिठ्ठ्यांत हेतूबद्दल कुठेच काही नाही. ‘दुष्ट हेतूने’ हे आमचं आहे. म्हणजे माझं. निवेदिताने ते खोडायला सांगितलं होतं, मीच राहू दिलं.

१९ ऑगस्ट

पाणी उतरलं. गल्लीभर चिखल, आणि वास.

साहेबांनी एक कागद पुढे केला. २२ तारखेला तीन विश्वस्त चौकशीला बसणार आहेत, त्यांच्यापुढे द्यायचं माझं निवेदन टाइप करून तयार होतं. ‘श्रीमती निवेदिता यांनी कार्यालयातील कोणासही न कळवता आणि परवानगी न मागता चाळीस गठ्ठे बाहेर नेले.’ खाली माझं नाव. शेजारी उघड्या फायलीत दुसरं पत्र होतं, प्रधान संपादक म्हणून नेमणुकीचं. ते मला वाचता येईल असंच ठेवलेलं होतं.

म्हटलं, चष्मा घरी राहिला, उद्या देतो. चष्मा खिशात होता.

घरी आल्यावर विचार केला. सही केली नाही, तरी नुसतं गप्प राहून तिचं काही भलं होणार नाही. तिने परवानगी मागितली होती हे मला माहीत आहे. तिने मला सांगितलं होतं. आणि मी साहेबांना सांगितलं होतं, पोलीस येण्याच्या पाच दिवस आधी. म्हणजे ट्रस्टला ठाऊक होतं, मग चोरी कसली? एवढं बोललं की तक्रार टिकत नाही. पण ते बोलायचं म्हणजे मी काय केलं ते तिच्यासमोर सांगायचं. दुसरी वाट बरीच शोधली.

नंदाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट

झालं. जसं घडलं तसं लिहितो.

सभा वरच्या दिवाणखान्यात होती. तीन विश्वस्त, सुमंतसाहेब, निवेदिता, सुरेखाताई. श्रीनिवास दाराबाहेर बाकावर. अध्यक्ष इथलेच हिंदीभाषक वकील, त्यामुळे सगळं हिंदीत. त्यांनी विचारलं, निवेदन कुठे आहे? मी म्हटलं, सही केलेली नाही, तोंडी सांगतो.

पत्रांचं सांगितलं, दोन्हींच्या तारखांसकट. मग सांगितलं की २४ जुलैला निवेदिताने मला विश्वासात घेतलं. आणि ३१ जुलैला मी सचिवांना सांगितलं.

अध्यक्षांनी लिहिता लिहिता मान वर केली. “तो ख़बर आप ही ने दी?”

“जी, मैंने ही दी.”

“और नौकरी वाली बात? बुधवार की?”

“वह भी मैंने.”

साहेब म्हणाले, ह्यांची तब्येत ठीक नाही, पुरानंतर हे गोंधळलेत. मी म्हटलं, मी रोज दैनंदिनी लिहितो. तारखा हव्या असतील तर वही दाखवतो. वही पिशवीत होती. अध्यक्षांनी ती मागितली नाही, पण साहेबांनी समोरची फाईल मिटली.

हे सगळं होत असताना निवेदिताकडे पाहण्याचं धैर्य मला झालं नाही.

खाली उतरताना ती जिन्यात थांबलेली होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, “नोटीस आली तेव्हा मी तुमच्याच टेबलाशी बसून रडले होते, काका. आणि तुम्ही मला श्रीनिवासजींपासून जपून राहा म्हणालात. मी महिनाभर त्या माणसाशी बोलले नाही.”

मी म्हटलं, तेव्हा मला खरंच वाटत होतं की...

“हो,” ती म्हणाली. “तेच.”

श्रीनिवास बाकावरून उठले, तिची पिशवी घेतली, आणि दोघं निघाले. दाराशी त्यांनी मला नेहमीसारखा नमस्कार केला. ते मला फार लागलं.

२७ ऑगस्ट

गणपती बसवला. दर वर्षी निवेदिता आणि सुरेखाताई आरतीला येतात, मोदकांना कळ्या पाडायला निवेदिता नंदाबरोबर बसते. यंदा नंदाने अकराच केले. मी म्हटलं, एकवीस हवेत. म्हणाली, खाणार कोण?

निकाल काल लागला. पोलिसांतली तक्रार ट्रस्टने मागे घेतली. पण निवेदिताचा करार संपवला, श्रीनिवासांना परत घेतलं नाही, आणि कार्यालय ‘इमारतीच्या दुरुस्तीसाठी’ बेमुदत बंद केलं. गल्लीत म्हणतात की अतिथिगृह होणार, नकाशे वैशाखातच झाले होते. म्हणजे साहेबांना एक निमित्त हवं होतं, आणि ते मी वर नेऊन दिलं, चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

साहेब अजून सचिव आहेत. मला नेमणुकीचं पत्र आलं नाही, काढल्याचंही नाही. माझं त्यांनी काहीच केलं नाही.

कॉम्प्युटर परत मिळाला, तो चालत नाही. भिजलेले चाळीस गठ्ठे रद्दी म्हणून निवेदिताला घेऊन जाऊ दिले.

२ सप्टेंबर

आज संकठा घाटावर गेलो. देवीचं दर्शन घेतलं आणि मग तिच्या घराचा जिना चढलो. बरोबर टिपकागदाचं बंडल होतं. छापखान्यातून मिळवलं. ओल्या चिठ्ठ्यांत घालायला लागेल असं वाटलं.

दार सुरेखाताईंनी उघडलं. ज्या घरात मी तीस वर्षं दार न वाजवता गेलो, तिथे त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “निवेदिता घरी नाही.”

वर गच्चीवरून आवाज येत होते. दोऱ्या बांधून चिठ्ठ्या वाळत घातल्या असणार, कागद फडफडत होते. श्रीनिवास अक्षर लावून लावून एकेक शब्द वाचत होते, अडखळत, कारण त्यांना संस्कृत येत नाही. निवेदिता तो दुरुस्त करून पुन्हा म्हणत होती आणि बहुधा लिहून घेत होती. मध्येच कशावर तरी दोघं हसले. सुरेखाताईंनाही ते ऐकू येत होतं आणि मला येतंय हेही त्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, किती वाचले? त्या म्हणाल्या, अकरा गठ्ठे वाचता येतायत. बाकीच्यांचा लगदा झाला.

मी बंडल पुढे केलं. त्या म्हणाल्या, “तिथे ठेवा.” मी उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यांनी दार लावलं, हळूच, आवाज न करता.

जिन्यात जरा टेकावं असं वाटलं, गुडघे दुखत होते. एका पायरीवर बसलो. वरून निवेदिताने एक शब्द सांगितला, श्रीनिवासांनी पुन्हा विचारला, तिने पुन्हा सांगितला. नीट कळला नाही. आणखी जरा कान दिला असता तर कळला असता.

उठलो आणि खाली उतरलो.